पत्ता चुकलेल्या बातम्या

स्वारगेटला एस. टी.तून उतरलेला नवखा माणूस आधी पत्ता विचारतो. जेधे चौकातल्या रिक्षावाल्याला नुसते 'पुण्यात जायचे आहे' असे सांगून भागत नाही. पेठ कोणती, रस्ता कोणता, जवळची खूण काय, हे सगळे सांगावे लागते. पत्ता चुकला तर मीटर पळत राहतो आणि माणूस भलत्याच दारात जाऊन उभा राहतो. चेतासंस्थेच्या आजारांचेही तसेच आहे. हात उचलत नाही, पाय चालत नाही, ही झाली तक्रार. बिघाड मेंदूत आहे, मेरुरज्जूत आहे, चेतातंतूंत आहे की स्नायूंत, हा झाला पत्ता. तक्रार एकच असली तरी पत्ता बदलला की आजार बदलतो, तपासण्या बदलतात आणि उपचारही बदलतात.

याच स्वारगेटवरून सिंहगड रस्त्याकडे बस सुटतात. त्या रस्त्यावरील धायरी, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला या परिसरात जानेवारी २०२५ मध्ये 'जीबीएस' या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. महिन्याच्या अखेरीस संशयितांचा आकडा शंभरावर गेला. मार्चपर्यंत तो दोनशेच्या पुढे आणि संशयित मृत्यूंचा आकडा दहाच्या वर पोचला. त्या तीन महिन्यांतील वृत्तपत्रांची कात्रणे आम्ही जमवली होती. अलीकडे ती पुन्हा काढून सलग वाचली. रोजच्या रोज वाचताना न जाणवलेली एक गोष्ट सलग वाचताना ठळकपणे दिसली. बातमीदारांनी मेहनत भरपूर केली होती, पण आजाराचा पत्ताच बहुतेक बातम्यांत चुकला होता. ही चूक नुसत्या शब्दांची नाही आणि नुसत्या वृत्तपत्रांचीही नाही. तिचे एक मूळ आपल्या विज्ञानाच्या तासात आहे. म्हणून हा लेख शिक्षकांसाठी.

एक खुलासा आधीच करतो. आमचे काम प्रयोगशाळेतले आहे, आम्ही रुग्ण तपासत नाही. बातमी कशी तपासावी एवढेच येथे सांगायचे आहे.

आजार काय होता?

जीबीएस म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम. आपल्या वृत्तपत्रांत हे नाव गुलेन बॅरी, गुइलेन बॅरे अशा अनेक रूपांत छापून आले. परभाषेतील नावाचे असे होणारच, त्याबद्दल आमची तक्रार नाही. गियाँ, बारे आणि स्त्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी १९१६ साली, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, दोन सैनिकांची हकिगत प्रसिद्ध केली. दोघांच्याही हातापायांतील शक्ती गेली होती. गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडत नव्हता. पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवात प्रथिने वाढलेली होती, पण पेशी मात्र वाढलेल्या नव्हत्या. जंतूंनी थेट हल्ला केला असता तर त्या द्रवात पांढऱ्या पेशींची गर्दी दिसली असती. ती नव्हती, याचा अर्थ हे दुखणे निराळे होते.

आज त्याचा उलगडा बराचसा झाला आहे. आपल्या शरीराची प्रतिकारयंत्रणा एखाद्या जंतूशी लढते. त्या जंतूच्या आवरणावरील शर्करायुक्त रेणू आणि आपल्या चेतातंतूंच्या पटलावरील रेणू कधी कधी एकमेकांसारखे असतात. मैदानावर दोन शाळांचे गणवेश एकाच रंगाचे असावेत आणि दुसऱ्या शाळेच्या मुलाला पकडायला निघालेल्या सरांनी आपल्याच मुलाचा कान धरावा, तसा हा प्रकार. जंतूसाठी तयार झालेली प्रतिद्रव्ये चेतातंतूंवर तुटून पडतात. काही रुग्णांत तंतूभोवतीच्या मायलिनच्या आवरणाची हानी होते, तर काहींत प्रत्यक्ष तंतूची.

मायलिन गेले तर काय होते, हे फळ्यावर साध्या भागाकाराने दाखवता येते. निरोगी माणसाच्या हातातील तंतूतून संदेश सेकंदाला साधारण ५० मीटर वेगाने जातो. म्हणजे एक मीटर अंतराला २० मिलिसेकंद लागतात. आवरण खराब होऊन वेग २० मीटरवर आला तर त्याच अंतराला ५० मिलिसेकंद लागतील. हानी आणखी वाढली तर संदेश वाटेतच विरेल. मेंदू आज्ञा देतो, स्नायू आज्ञेची वाट पाहतो, मधली तार मात्र तुटलेली. जीबीएसचे मर्म एवढेच आहे.

पहिली चूक : अर्धांगवायू

आता कात्रणांकडे वळू. या आजाराला काही ठिकाणी 'मेंदूचा आजार' म्हटले गेले, तर काही ठिकाणी 'अर्धांगवायूसारखा आजार'. वाचकाला ओळखीचा शब्द द्यावा हा हेतू चांगलाच. पण 'अर्धांगवायू' या जुन्या शब्दाच्या पोटातच एक पत्ता दडलेला आहे, तो लिहिणाऱ्याच्या ध्यानात आला नाही. अर्धे अंग म्हणजे शरीराची एक बाजू. उजवा हात, उजवा पाय आणि चेहऱ्याची उजवी बाजू एकदम लुळी पडली तर बिघाड बहुधा डाव्या प्रमस्तिष्कात असतो, कारण मेंदूकडून येणारे तंतू मस्तिष्कपुच्छात बाजू बदलतात. 'अंगावरून वारे गेले' असे म्हणणाऱ्या आपल्या आजीला शरीररचनाशास्त्र ठाऊक नव्हते, पण तिचे निरीक्षण पक्के होते. वारे एकाच बाजूवरून जाते, हे तिने पाहिले होते.

जीबीएसमध्ये असे घडत नाही. दोन्ही पायांत मुंग्या येतात, जिना चढताना दोन्ही गुडघे दगा देतात, मग दोन्ही हातांतील पकड सुटते. बहुतेकांत अशक्तपणा खालून वर चढत जातो. हे तासाभरात होत नाही, काही दिवसांत होते. बहुतेकांत दोन आठवड्यांत आणि जवळजवळ सर्वांत चार आठवड्यांच्या आत तो कमाल पातळीला पोचून थांबतो. दोन्ही बाजू सारख्या, सुरुवात पायांपासून आणि गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंद किंवा नाहीशी, या तीन खुणा जमल्या की पत्ता परिघीय चेतासंस्थेचा निघतो.

हा फरक पुस्तकी नाही. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला असेल तर ती विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तेथे घड्याळ मिनिटांचे असते. जीबीएसमध्ये घड्याळ दिवसांचे असते, पण धोका वेगळाच. अशक्तपणा चढत चढत छातीच्या स्नायूंपर्यंत आणि श्वासपटलापर्यंत गेला तर श्वास अडतो. सुमारे पाव रुग्णांना कृत्रिम श्वासोच्छ्वासाची गरज लागते. रुग्ण शुद्धीवर असतो, बोलत असतो, चेहरा वाकडा दिसत नसतो. 'अर्धांगवायूसारखा' ही खूण डोक्यात ठेवून बसलेले घरचे लोक म्हणतात, 'एक बाजू गेलेली नाही ना, मग अशक्तपणाच असेल.' शब्दामुळे दोन दिवस वाया जाऊ शकतात, ते असे.

दुसरी चूक : मज्जेचा घोळ

दुसऱ्या चुकीचे खापर आम्ही बातमीदारांवर फोडणार नाही, कारण ती आपल्या परिभाषेची आहे. बातम्यांत 'मज्जातंतू', 'मज्जासंस्था', 'मज्जारज्जू' हे शब्द सर्रास येतात. शाळेच्या पुस्तकात मात्र 'चेतातंतू', 'चेतासंस्था', 'मेरुरज्जू' हे शब्द आहेत. पुस्तकात चेतासंस्थेचा धडा शिकलेल्या मुलाला वृत्तपत्रातील मज्जासंस्था तीच, हे कोणी सांगितलेले नसते. त्यात 'अस्थिमज्जा' म्हणजे हाडांतील रक्तपेशी तयार करणारा भाग, हे त्याच पुस्तकात त्याने वाचलेले असते. स्वारगेटच्या अलीकडच्या एका शाळेत शिक्षकांशी बोलण्याचा योग आला, तेव्हा एका बाईंनी विचारले, "जीबीएसमध्ये हाडांतला मगज बदलावा लागतो का हो?" प्रश्नाला हसणारे आम्हीच चुकीचे ठरलो असतो. त्यांनी शब्दाचा अर्थ अगदी सरळ लावला होता.

उपाय सोपा आहे. दोन्ही शब्दांच्या जोड्या फळ्यावर शेजारी लिहाव्यात आणि अस्थिमज्जेचा या कुटुंबाशी संबंध नाही, हे एकदाच स्पष्ट सांगावे. दहा मिनिटांचे काम आहे.

तिसरी चूक : विषाणू नसलेला विषाणू

सर्वांत जास्त नुकसान तिसऱ्या चुकीने केले. 'जीबीएस व्हायरस', 'जीबीएसची लागण', 'जीबीएसचा शिरकाव', 'जीबीएसबाधित' हे शब्दप्रयोग त्या काळात पुन्हा पुन्हा छापून आले. करोनाच्या वर्षांत ही भाषा बातमीदारांच्या बोटांत बसली होती. आजार पसरतो आहे म्हटले की तीच वाक्ये आपोआप उमटली. नमुने तपासणारी संस्था पुण्याचीच राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था होती, याचाही या गैरसमजाला हातभार लागला असावा. विषाणूंची संस्था तपासते म्हणजे आजार विषाणूचाच, असा तर्क सहज होतो.

सिंड्रोम म्हणजे लक्षणांचा समूह. ते जंतूचे नाव नाही. जीबीएसची लागण होत नाही. एका रुग्णाकडून तो शेजाऱ्याकडे जात नाही. लागण होते ती आधीच्या संसर्गाची. तो संसर्ग पोटाचा असेल किंवा श्वसनमार्गाचा असेल. पुण्यातील रुग्णांच्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. यांपैकी कॅम्पिलोबॅक्टर हा जीबीएसच्या बाबतीत जगभर कुप्रसिद्ध आहे. उत्तर चीनच्या ग्रामीण भागात उन्हाळ्यात मुलांना होणाऱ्या लुळेपणाचे वर्णन १९९१ साली प्रसिद्ध झाले, त्यात याच जिवाणूचा माग लागला. २०१९ साली पेरू देशात जीबीएसची मोठी लाट आली, तेव्हाही संशयाची सुई याच्याकडेच वळली. झिका या विषाणूच्या साथीनंतर २०१३-१४ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियात आणि पुढे दक्षिण अमेरिकेत जीबीएसचे रुग्ण वाढले होते. म्हणजे पूर्वसंसर्ग निरनिराळे, पण शरीराची चूक एकाच जातीची.

हा फरक न कळल्याचा परिणाम काय होतो, ते त्याच शाळेत ऐकले. एका शिक्षकांनी विचारले, "आमच्या वर्गातला मुलगा बरा होऊन परत येणार आहे. त्याला काही दिवस वेगळ्या बाकावर बसवावे का? पालक विचारताहेत." आठवडेच्या आठवडे रुग्णालयात काढून, पुन्हा चालायला शिकून परतलेल्या मुलाला वर्गात काय मिळणार होते? तर रिकामा बाक. त्याच्यापासून कोणालाही काही होण्याचा संभव नव्हता. 'व्हायरस' या चार अक्षरांनी त्याला दुसऱ्यांदा आजारी पाडले असते.

चौथी चूक : छेद नसलेला अंश

बातम्यांत रोज आकडा होता. काल ५९, आज ७३, मग शंभर. आकडा वाढतो आहे एवढेच वाचकाला कळत होते. तो मोठा की लहान, हे ठरवायला अपूर्णांकाचा छेद लागतो, तो फारसा कोणी दिला नाही. त्यामुळे दोन टोकाच्या प्रतिक्रिया उमटल्या. एक गट म्हणाला, कधी न ऐकलेला भयंकर रोग आला. दुसरा म्हणाला, हा आजार तर नेहमीच असतो, वृत्तपत्रांनी उगाच बाऊ केला.

दोघांचाही हिशेब विद्यार्थ्यांकडून तपासून घेता येतो. जगभरातील अंदाजानुसार जीबीएस दरवर्षी लाख लोकसंख्येमागे एक ते दोघांना होतो. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ९४ लाख होती. ती तेवढीच धरली तरी वर्षाला ९४ ते १८८, म्हणजे महिन्याला साधारण ८ ते १६ रुग्ण अपेक्षित आहेत. तेव्हा 'कधी न ऐकलेला' हे चूक, प्रत्येक महिन्यात पुण्यातील कोणत्या ना कोणत्या रुग्णालयात असा रुग्ण असतोच. पण तीन-एक आठवड्यांत शंभर आणि त्यांतील बरेच जण सिंहगड रस्त्याच्या एका पट्ट्यातील, हे 'नेहमीचे' मुळीच नव्हे. शोध सुरू झाल्यावर एरवी नोंद न होणारे रुग्णही मोजले जातात, ही सूट दिली तरी वाढ खरी होती. गावांच्या नावांसह माहिती छापून वृत्तपत्रांनी ही एकवट वाढ लोकांसमोर आणली, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

आता दुसरा छेद घ्या. कॅम्पिलोबॅक्टरचा संसर्ग झालेल्या साधारण हजार जणांत एखाद्याला पुढे जीबीएस होतो. हिशेब ढोबळ आहे, पण त्याचा अर्थ गंभीर आहे. या जिवाणूमुळे जीबीएस झालेल्या एकेका रुग्णामागे पोट बिघडलेली शेकडो माणसे असतात. ती घरीच पडून राहतात, औषधाच्या दुकानातून गोळी आणतात आणि कोणत्याही यादीत येत नाहीत. वृत्तपत्रांनी लुळे पडलेले मोजले, जुलाब झालेले मोजले नाहीत. बातमीचे खरे शीर्षक 'पाणी' असायला हवे होते, ते झाले 'व्हायरस'.

यातील काही गावे २०२१ साली पुणे महापालिकेत आली. पर्वतीच्या जलकेंद्रात गाळून, शुद्ध होऊन येणारे पाणी शहराच्या जुन्या भागात नळाला येते. या गावांतील पुष्कळ घरांना मात्र विहिरीचे पाणी मिळत होते आणि त्याच्या शुद्धीकरणाची भिस्त क्लोरीनवर होती. वृत्तपत्रांनी विहिरीचे फोटो छापले, हे योग्यच केले. पण पुढे एखाद्या ठिकाणचे पाणी तपासणीत चांगले निघाले की 'पाणी निर्दोष' अशीही बातमी येई. येथे वेळेचा हिशेब राहून गेला. दूषित पाणी किंवा अन्न पोटात गेल्यावर दोन ते पाच दिवसांत जुलाब होतात आणि त्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी पायात मुंग्या येतात. रुग्ण दाखल होऊन, संशय येऊन, नमुना घेईपर्यंत महिना उलटतो. आजचे पाणी स्वच्छ निघाले म्हणून महिन्यापूर्वीचे पाणी स्वच्छ होते असे सिद्ध होत नाही. मध्येच कोंबडीच्या मांसाकडेही बोट दाखवले गेले. कोंबड्यांच्या आतड्यात हा जिवाणू राहतो हे खरे. म्हणून मांस नीट शिजवावे, कच्च्या मांसाची सुरी आणि पाट कोशिंबिरीला वापरू नयेत, एवढाच त्यातून निघणारा धडा. पूर्ण शिजलेल्या मांसात तो जगत नाही.

उपचारांची अर्धी गोष्ट

उपचारांच्या बातम्यांत एकच वाक्य लोकांच्या लक्षात राहिले : एक इंजेक्शन वीस हजार रुपयांचे. हे इंजेक्शन म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून वेगळी काढलेली प्रतिद्रव्ये. प्रौढासाठी एकूण मात्रा सामान्यतः वजनाच्या प्रत्येक किलोला दोन ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. पन्नास किलो वजनाच्या माणसाला १०० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या वीस बाटल्या. वीस हजारांनी गुणून पाहा, चार लाख रुपये होतात. हे गणित सामान्य घराला मोडून टाकणारे होते. म्हणूनच महापालिका हद्दीतील रुग्णांसाठी कमला नेहरू रुग्णालयात मोफत उपचारांची केलेली सोय महत्त्वाची होती.

पण न सांगितलेली अर्धी गोष्ट अशी. दुसरा उपचार म्हणजे रक्तद्रव बदलणे, ज्यात प्रतिद्रव्यांनी भरलेला रक्तद्रव काढून त्या जागी दुसरा द्रव देतात. तो उपयोगी पडतो हे १९८५ साली अमेरिकेतील मोठ्या चाचणीत दिसले. इम्युनोग्लोब्युलिन त्याच्या तोडीचे ठरते, हे १९९२ साली नेदरलँड्समधील चाचणीने दाखवले. दोन्हींनी सुधारणा लवकर होते, पण तुटलेली तार क्षणात जोडली जात नाही. नुसती स्टेरॉइड देऊन मात्र या आजारात फायदा होत नाही, असे चाचण्यांतून स्पष्ट झाले आहे. प्रतिकारयंत्रणेचा आजार म्हणजे स्टेरॉइड चालणारच, हा तर्क ऐकायला बरोबर वाटतो, प्रयोगाने तो खोटा ठरवला. तर्क आणि पुरावा यांतील फरक शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण क्वचित मिळेल.

आणि सर्वांत मोठा उपचार बातमीत बसत नाही, कारण तो दिसायला साधा आहे. दर काही तासांनी श्वासाची ताकद मोजणे, नाडी आणि रक्तदाबावर लक्ष ठेवणे, रुग्णाला कुशीवर वळवणे, वेळेत कृत्रिम श्वास देणे आणि पुढे कित्येक महिने व्यायामोपचार. ही काळजी मिळाली तर सहा महिन्यांत सुमारे ८० टक्के रुग्ण आधाराशिवाय चालू लागतात. चांगल्या सोयी असूनही शंभरातील तीन ते सात जण दगावतात. ही दोन्ही वाक्ये एकत्र छापली असती, तर लोकांना धीरही मिळाला असता आणि सावधपणाही. नुसते 'घाबरू नका' म्हणण्याने दोन्ही मिळत नाहीत.

आपला धडा कोठे अपुरा पडतो?

वृत्तपत्रांची एवढी झाडाझडती घेतल्यावर स्वतःच्या घरात डोकावले पाहिजे. चेतासंस्थेचा धडा आपण कसा शिकवतो? चेतापेशीची आकृती काढा, भागांना नावे द्या. मेंदूच्या भागांची कार्ये लिहा. प्रतिक्षिप्त क्रिया म्हणजे काय, उदाहरण द्या. गरम तव्याला हात लागतो, हात मागे येतो, गुण मिळतात, धडा संपतो. हे सर्व भाग बरोबर आहेत, पण एकमेकांना जोडलेले नाहीत. या धड्यात शिकलेल्या गोष्टींवरूनच डॉक्टर बिघाडाची जागा शोधतात, हे मुलाला कळतच नाही.

तोच धडा उलट दिशेने घेऊन पाहावा. तक्रार आधी द्यावी, पत्ता मुलांनी शोधावा. उजवा हात-पाय एकदम लुळा : डावा मेंदू. दोन्ही पाय लुळे, कमरेखाली स्पर्श कळत नाही, लघवीवर ताबा नाही : मेरुरज्जू. दोन्ही पाय हळूहळू अशक्त, गुडघ्याचा झटका नाहीसा : चेतातंतू. सकाळी ठीक, संध्याकाळपर्यंत पापण्या मिटू लागतात, विश्रांतीनंतर उघडतात : चेतातंतू आणि स्नायू यांचा सांधा. चालताना तोल जातो, पण हातापायांत ताकद आहे : अनुमस्तिष्क. एका बाजूचा चेहरा वाकडा आणि त्या बाजूच्या कपाळाला आठ्याही पडत नाहीत : चेहऱ्याची चेता. चेहरा वाकडा, पण आठ्या दोन्हीकडे पडतात : मेंदू, कारण कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा येतात. अशी सात-आठ कोडी पुरतात. खऱ्या रुग्णात पत्ते इतके सरळ नसतात आणि निदान डॉक्टरांनीच करायचे असते, हे सांगायला विसरू नये. पण आकृती कशासाठी काढली, हे त्या दिवशी मुलांना उमजते.

गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया तर वर्गात करून पाहण्यासारखी आहे. उंच बाकावर पाय लोंबकळत ठेवून बसलेल्या मुलाच्या गुडघ्याच्या वाटीखाली हलकेच टिचकी मारली की पाय उडतो. गुडघ्यापासून मेरुरज्जूपर्यंत जाणारी आणि परत येणारी पूर्ण वाट शाबूत असल्याची ती पावती आहे. १९१६ मध्ये त्या फ्रेंच डॉक्टरांनी हीच पावती मागितली होती आणि ती मिळाली नव्हती. एखाद्या धडधाकट मुलाचा पाय पहिल्या टिचकीला उडत नाही, त्याने घाबरू नये हेही सांगावे. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवून ओढायला सांगितले की बहुधा तो उडतो.

शिक्षकांच्या हाती असलेल्या गोष्टी

शिक्षक रोज चाळीस-पन्नास मुलांना चालताना, जिना चढताना, जमिनीवरून उठताना पाहतात. हे भाग्य कोणत्याही डॉक्टरला नाही. काल धावणारे मूल आज कठडा धरून जिना चढते, मांडी घालून बसल्यावर हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठत नाही, पायात मुंग्या येतात म्हणते आणि दोन-तीन आठवड्यांपूर्वी त्याचे पोट बिघडले होते, एवढे जुळले तर पालकांना त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाची वाट दाखवावी. गिळताना ठसका लागत असेल किंवा बोलताना दम लागत असेल तर तासाचाही उशीर नको.

आणखी एक गोष्ट फार थोड्या शिक्षकांना माहीत असते. पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाला अचानक लुळेपणा आला, तर तो पोलिओ नाही याची खात्री करण्यासाठी त्याची नोंद आरोग्य विभागाकडे व्हावी लागते आणि लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने, विष्ठेचे दोन नमुने तपासणीला जातात. भारत २०१४ साली पोलिओमुक्त जाहीर झाला, तो नुसत्या लसीच्या थेंबांवर नाही, तर या चिकाटीच्या नोंदींवरही. अशा लुळेपणाचे एक मोठे कारण जीबीएसच असते. तेव्हा ही नोंद म्हणजे मुलाच्या माथी शिक्का मारणे नव्हे, हे पालकांना समजावणारा माणूस शिक्षकच असू शकतो.

तिसरी गोष्ट शाळेच्या टाकीची. नळाच्या पाण्यात प्रत्येक लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा, असे भारतीय मानक सांगते. आरोग्यसेवक काही थेंब टाकून रंगावरून ही चाचणी करतात. त्यांना महिन्यातून एकदा शाळेत बोलवावे आणि मुलांनी वहीत नोंद ठेवावी. जीबीएसची बातमी पहिल्या पानावरून गेली, पाणी मात्र रोज येते.

शेवटी ती कात्रणे. ती आम्ही टाकून दिलेली नाहीत. आपल्या शाळेच्या वाचनालयात जानेवारी ते मार्च २०२५ चे जुने अंक असतील तर नववी-दहावीच्या मुलांना एकेक बातमी द्यावी आणि चार प्रश्न विचारावेत. आजार शरीरात कोठे आहे, हे बातमीत सांगितले आहे का? तो कशामुळे झाला आणि कशामुळे पसरला, यांत गल्लत आहे का? आकड्याला छेद आहे का? उपचाराबद्दल दावा आहे की पुरावा? मुले बातमीदाराला नापास करायला टपलेलीच असतात, त्यांना थोडे आवरावे लागेल. दिवसाच्या शेवटी, अपुऱ्या माहितीवर, घाईत लिहिलेली ती बातमी होती, हेही त्यांना सांगावे. मग तीच बातमी त्यांच्याकडून दहा ओळींत पुन्हा लिहून घ्यावी. पत्ता अचूक लिहिणे किती कठीण आहे, ते तेव्हा कळते. पुढच्या वेळी, दुसऱ्या कोणत्या रस्त्यावर, दुसऱ्या कोणत्या नावाचा आजार येईल, तेव्हा यातलीच काही मुले बातमी लिहीत असतील आणि बाकीची ती वाचत असतील.